तोंडी

धुळ्यात, सहाव्या गल्लीत, आमचं लेथ मशीन.
पाटी मोटरपंपाची: बुश, शाफ्ट, रिवाइंडिंग.
बँडवाल्यांसाठी वेगळी पाटी नाही.
तुळशीचं लग्न लागलं की ते आपोआप येतात,
कुणाचा पिस्टन अडकलेला, कुणाचं भोंगं चेपलेलं.
माउथपीस म्हणत नाहीत. म्हणतात, तोंडी.
ऑर्डर तोंडी, उधारीही तोंडी.

उखर्डू मास्तर आले फडक्यात कॉर्नेट गुंडाळून.
पितळ इतकं घासलेलं
की कारखान्याचं नाव बोटाला वाचता येतं, डोळ्याला नाही.
मूळ तोंडी गेली पारोळ्याच्या एका वरातीत.
घोडा बुजला, मास्तर आपटले,
तोंडी गटारात,
पुढचे दोन दात तिच्या मागोमाग.
दात नवे बसले.
तोंडी बसेना.

बाजारातली घातली तर नखभर आत जाते
आणि थांबते, उंबऱ्यावरच्या पाहुण्यासारखी.
दोरा गुंडाळला, कागद गुंडाळला, मेण लावलं:
खालचा सा बरा, वरचा घसरतो.
शेपूट तासली तरी आतलं भोक तेवढंच,
वारा जाता जाता अडखळतो.
हे मला आधी ठाऊक नव्हतं.
तीन तोंड्या भंगारात टाकल्यावर ठाऊक झालं.

चौथ्या खेपेला मास्तरांनी खिशातून काढली
उस्तादांची. चिरलेली, वाजायची बंद.
"हिन्यासारखी," म्हणाले.
वाटी आतून गोल, कॅलिपर घसरतं.
घरात गेले. कळण्याचं पीठ चिरतं,
म्हणून कणकेचा गोळा घेतला,
तेलाचं बोट फिरवून आत दाबला.
बाहेर आला तो वाटीच्या पोटाचा आकार,
अंगठ्याएवढा,
त्यावर उस्तादांच्या वाटीतला एक ओरखडासुद्धा.

पितळ सावद्याचं, केळीच्या मळ्यातल्या मोटरचा बुश.
वीस वर्षं पाण्याखाली फिरलेलं.
म्हटलं, आता जरा वाऱ्यात फिरू दे.
शेपूट कागदाच्या जाडीनं उतरवली,
भोक बाबांच्या जुन्या रीमरनं, हातानं,
श्वास रोखून, कारण माझा हातही फुंकरीएवढाच हलतो.
रात्री वेणी सोडली तर केसांतून पिवळा कीस पडला.

पहिली फुंक.
समोरच्या गिरणीचा पट्टा क्षणभर ऐकू येईना.
मास्तरांनी कॉर्नेट खाली घेतलं.
"हाऊ सूर मन्हा नही, बाई. उस्तादना शे."
चहा आला, निवला, वर साय धरली.
"चाळीस वरीस त्यासना मांगे हुभा ऱ्हायनू.
पुढे हुभा ऱ्हावाले भ्याव वाटस."
मग बऱ्याच वेळानं, कॉर्नेटकडेच बघत:
"थोडी मन्ही बी कर."

दाराशी उजेडात बसवलं त्यांना.
ओठावर जुन्या काठाचा वण, गोल,
अर्धा पुसट, आणि त्याला लागूनच
नव्या दातांनी डावीकडे ढकललेला दुसरा.
दोन्ही वणांवर तार वाकवून माप घेतलं.
लेथला डावं-उजवं कळत नाही,
म्हणून लेथ बंद केलं, कानस घेतली.
वाटी तशीच ठेवली, खोल.
काठ डावीकडे केसभर उतरवला.
लावून पाहिला. अजून केसभर.

मग त्यांनी वाजवलं ते लग्नातलं काही नव्हतं.
एकच सूर, लांब,
शेवटाकडे जरा खरखरलेला.
गिरणीवाला पिठाळ हातांनी बाहेर आला,
काही न विचारता परत आत गेला.

पैसे अजून यायचेत.
कणकेचा साचा खिडकीत जपून ठेवला होता,
म्हटलं, पुढेमागे लागेल.
मुंग्यांनी दोन दिवसांत नेला तो,
ओरखड्यासकट.
आता माप फक्त मास्तरांच्या ओठावर आहे,
आणि मास्तर शिरपूरला, लग्नात.